प्रतिकारशक्ती, यकृताचा कर्करोग आणि गुळवेलीचा काढा

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. चौदा वर्षांपूर्वी गावातील शिबिरात रक्तदान केल्यावर त्यांच्या रक्तात हेपटायटिस बी असल्याचे रक्तपेढीने कळवले होते. पण त्रास काहीच नसल्यामुळे पुढच्या तपासण्या झाल्या नाहीत. दोन महिन्यांपूर्वी पोटात उजवीकडे जडपणा वाटू लागला म्हणून सोनोग्राफी आणि मग सीटी स्कॅन केले. यकृतात सिरॉसिस आहे, त्यात साडेसहा सेंटिमीटरची कर्करोगाची गाठ आहे आणि ती पोर्टल शिरेच्या (आतड्यांतील रक्त यकृतात आणणाऱ्या शिरेच्या) एका फाट्यात शिरली आहे, असे निदान झाले. शस्त्रक्रिया करता येणार नाही, मात्र यकृताचे काम अजून चांगले चालू आहे, म्हणून डॉक्टरांनी इम्युनोथेरपी आणि सोबत आणखी एक इंजेक्शन सुचवले आहे. त्याआधी त्यांना एंडोस्कोपी हवी आहे. माझ्या काकांनी याच सुमारास बाबांना रोज सकाळी गुळवेलीचा काढा सुरू केला. त्यांचे म्हणणे असे की, डॉक्टरही प्रतिकारशक्तीच वाढवणार आहेत, मग तेच काम काढ्याने का करू नये? बाबांना वर्षानुवर्षे साधी सर्दीही झालेली नाही. मग त्यांच्या प्रतिकारशक्तीने हा कर्करोग होऊच कसा दिला? आणि हा आजार घरात इतरांना होईल का? माझी वहिनी सहा महिन्यांची गरोदर आहे, म्हणून ही भीती जास्त वाटते.

उत्तर : आपल्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलतो, कारण त्यातील एका गोष्टीला थांबायला वेळ नाही. काढा आजपासून बंद करावा, आणि तो किती दिवस, किती प्रमाणात घेतला गेला हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना न संकोचता सांगावे. डॉक्टर रागावतील म्हणून घरगुती औषधे लपवण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. यकृताच्या रुग्णाला ती महागात पडते. याचे कारण नीट समजले तर काकांनाही ते पटेल असे वाटते, आणि त्यासाठी आपला दुसरा प्रश्न आधी घ्यावा लागेल.

बाबांच्या प्रतिकारशक्तीने हा कर्करोग होऊ कसा दिला, असे आपण विचारता. या प्रश्नामागे असे गृहीत आहे की प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून गाठ झाली. यकृताच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. हेपटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत राहतो, तिथे आपल्या प्रती काढतो, पण तो सहसा त्या पेशीला स्वतः मारत नाही. पेशी मारतात त्या आपल्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारव्यवस्थेतील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूचे तुकडे दिसले की टी-पेशी तिला चिकटते आणि तिला मरण्यास भाग पाडते. एकेका पेशीच्या हिशेबाने हे योग्यच असते. तरुण किंवा प्रौढ माणसाला संसर्ग झाला तर बहुतेक वेळा काही महिन्यांत, काविळीसह किंवा तिच्याविना, विषाणू रक्तातून निघून जातो. प्रौढांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांमध्ये तो कायमचा राहतो. नवजात बाळाला आईकडून संसर्ग झाला तर मात्र सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो टिकून राहतो, कारण त्या वयात प्रतिकारव्यवस्था विषाणूला परका म्हणून ओळखायला शिकलेली नसते. बाबांनाही तो जन्मतः किंवा अगदी लहानपणी मिळाला असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. अशा रुग्णांत पहिली वीस-तीस वर्षे बहुधा शांततेत जातात. नंतर प्रतिकारव्यवस्थेला जाग येते. पण तोवर विषाणू असंख्य पेशींत घर करून बसलेला असतो, आणि त्याचा पुरता बीमोड करणे तिच्या आवाक्याबाहेर गेलेले असते.

पुढे जे होते ते भाऊबंदकीच्या दाव्यासारखे असते : पिढ्यान्पिढ्या तारखा पडत राहतात, निकाल कोणाच्याच बाजूने लागत नाही, आणि ज्या जमिनीसाठी भांडण सुरू झाले ती जमीनच खर्चापायी विकली जाते. टी-पेशी थोड्या यकृतपेशी मारतात, शेजारच्या पेशी विभागून ती जागा भरून काढतात, पुन्हा काही मारल्या जातात, पुन्हा भरपाई होते. प्रत्येक विभाजनाच्या वेळी पेशीला आपल्या डीएनएची संपूर्ण नक्कल करावी लागते आणि प्रत्येक नकलेत चूक होण्याची शक्यता असते. त्यात सतत दाह चालू असलेल्या जागी तयार होणारी ऑक्सिजनची तीव्र संयुगे त्या डीएनएला इजा करत असतात. त्याच दाहाच्या संदेशांमुळे यकृतातील तारकापेशी जागोजागी तंतू विणू लागतात, मऊ यकृत गाठीगाठींचे आणि कडक होते, आणि यालाच आपण सिरॉसिस म्हणतो. यकृताचे बहुसंख्य प्राथमिक कर्करोग अशाच सिरॉसिस झालेल्या यकृतात होतात. हेपटायटिस बी याबाबतीत आणखी एक पाऊल पुढे आहे : त्याचा डीएनए आपल्या गुणसूत्रांत शिरून बसू शकतो, त्यामुळे क्वचित सिरॉसिस नसतानाही कर्करोग होतो. तात्पर्य, बाबांच्या प्रतिकारशक्तीने दशकानुदशके काम केले, आणि त्या न संपणाऱ्या कामाचाच या गाठीत वाटा आहे. सर्दी न होण्याशी याचा काही संबंध नाही. ज्याला कधी सर्दी होत नाही त्याच्या यकृतातही हे सर्व बिनबोभाट चालू राहू शकते.

आता उरलेले अर्धे. गाठ तयार झाल्यावर तरी टी-पेशींनी तिला का रोखले नाही? इथे यकृताचा स्वभाव आड येतो. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांतून पोर्टल शिरेने येते, आणि त्या रक्तात अन्नातील परके प्रथिनांश व आतड्यांतील जिवाणूंचे अवशेष असतात. अशा प्रत्येक परक्या कणावर यकृत तुटून पडले असते तर प्रत्येक जेवणानंतर माणूस आजारी पडला असता. म्हणून यकृतात बसलेल्या कुफर पेशी हा कचरा गिळतात आणि एकंदर प्रतिकारव्यवस्थेला सबुरीने घ्यायला लावतात. ही सहनशीलता किती खोल आहे हे १९६९ साली केंब्रिजचे शल्यविशारद रॉय काल्न यांच्या प्रयोगांतून दिसले : एका डुकराचे यकृत दुसऱ्याच्या शरीरात बसवले असता, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे न देताही ते अनेकदा टिकून राहिले, मूत्रपिंड मात्र तसे टिकत नव्हते. निरोगी माणसाला उपकारक असलेला हाच गुण कर्करोगाच्या पेशीला आयता आडोसा देतो.

त्यात भर पडते ती थकव्याची. वर्षानुवर्षे एकाच शत्रूला तोंड देणाऱ्या टी-पेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात आणतात. समोरच्या पेशीवर पीडी-एल१ हे त्याच्या जोडीचे प्रथिन असेल आणि दोन्ही एकमेकांत बसली, तर टी-पेशीला थांबण्याचा संदेश जातो. ही व्यवस्था आपल्या भल्यासाठीच आहे, कारण तिच्यावाचून प्रत्येक संसर्गानंतर टी-पेशींनी आपलेच अवयव खाल्ले असते. गाठीतील पेशी आणि गाठीभोवती जमलेल्या काही पांढऱ्या पेशी हेच पीडी-एल१ पुढे करतात, आणि टी-पेशी गाठीच्या दारात येऊनही स्वस्थ बसतात. पीडी-१चा शोध १९९२ साली क्योटोमध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला. असाच दुसरा संदेश रोखून कर्करोगावर उपचार करता येतो हे दाखवणारे जेम्स ॲलिसन यांच्यासोबत त्यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

इतके लक्षात आले की डॉक्टर काय करू पाहत आहेत हे स्पष्ट होते. नावे आपण लिहिलेली नाहीत, परंतु वर्णनावरून ती बहुधा ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी असावी. दोन्ही दर तीन आठवड्यांनी शिरेतून देतात. ॲटेझोलिझुमॅब प्रतिकारशक्ती ‘वाढवत’ नाही. ते पीडी-एल१ला चिकटून बसते, थांबण्याचा तो एक संदेश पोहोचू देत नाही, आणि जी टी-पेशी गाठीला आधीच ओळखते तिला तिचे अडलेले काम करू देते. बेव्हासिझुमॅब गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, आणि त्याच ओघात टी-पेशींना आत शिरणे सोपे करते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ५०१ रुग्णांच्या चाचणीत ही जोडी घेणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के लोक एका वर्षानंतर हयात होते, तर सोराफेनिब या त्याआधीच्या गोळीवर असणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. पुढील पाहणीत निम्मे रुग्ण हयात असण्याचा काळ अनुक्रमे १९.२ आणि १३.४ महिने असा आला. गाठ लक्षणीय आक्रसली ती सुमारे ३० टक्के रुग्णांत. थोड्या रुग्णांत ती स्कॅनवर दिसेनाशी झाली.

हे आकडे मी मुद्दाम पूर्ण देतो आहे. त्यांत खरी आशा आहे, पण दहांपैकी सातांची गाठ या औषधाने फारशी लहान होत नाही हेही त्यांतच आहे, आणि औषधांचा खर्च उभा करण्याआधी ते कुटुंबाला माहीत असले पाहिजे. कोणत्या रुग्णाला गुण येईल हे आधी सांगणारी खात्रीची रक्ततपासणी यकृताच्या कर्करोगात आज उपलब्ध नाही. काही गाठींत टी-पेशी मुळातच पोहोचलेल्या नसतात, आणि जिथे टी-पेशीच नाही तिथे तिला मोकळे करून उपयोग नसतो. टाटा मेमोरियलमध्ये कमी मात्रेतील इम्युनोथेरपीने चांगला परिणाम दिसल्याची बातमी नातेवाईक आपल्याला पाठवतील, कदाचित पाठवलीही असेल. ते काम महत्त्वाचे आहे, पण ते डोके-मान भागातील कर्करोगाचे आहे आणि त्यावरून बाबांची मात्रा ठरवता येणार नाही.

एंडोस्कोपीचा आपण ओझरता उल्लेख केला आहे. ती टाळू नये. सिरॉसिसमध्ये पोर्टल शिरेतील दाब वाढतो, बाबांच्या बाबतीत तर गाठही त्या शिरेच्या फाट्यात आहे, आणि त्या दाबामुळे अन्ननलिकेच्या तळाशी शिरा फुगतात. बेव्हासिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका वाढतो. फुगलेली शीर फुटून एकाएकी रक्ताची उलटी झाली तर जिवावर बेतते. आधी दुर्बिणीतून पाहिले तर त्या शिरांना तिथल्या तिथे रबरी बंध घालता येतात किंवा दाब कमी करणारी गोळी सुरू करता येते. फारच जोखीम दिसली तर ट्रेमेलिमुमॅब व दुर्वालुमॅब ही बेव्हासिझुमॅबविना असलेली दुसरी जोडीही आहे. तिचा विचार डॉक्टर करू शकतात. दहा मिनिटांच्या तपासणीवर इतके अवलंबून आहे.

आता काकांचा मुद्दा. त्यांची तळमळ खरी आहे आणि त्यांचा तर्कही वरवर बिनतोड वाटतो, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवे. गुळवेल रोगप्रतिकारक पेशींना सरसकट चेतवते, असेच तिचे समर्थकही सांगतात. बाबांच्या यकृतात चेतवण्याने काय झाले ते आपण वर पाहिले. औषध एका ठरावीक जोडीवर बसते, त्याची मात्रा मोजलेली असते आणि प्रत्येक इंजेक्शनापूर्वी रक्त तपासले जाते. काढ्यात यांपैकी एकही गोष्ट नाही. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली जात होती, तेव्हा मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला गंभीर सूज आढळली, आणि तिचे स्वरूप शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखे होते. ही निरीक्षणे २०२१ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. आयुष मंत्रालयाने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असा आक्षेप घेतला, हेही सांगितले पाहिजे. निरोगी माणसाने काय करावे हा वाद चालू राहो. ज्याच्या यकृतात सिरॉसिस आहे, ज्याला हेपटायटिस बी आहे आणि ज्याच्या टी-पेशींवरचा एक निर्बंध औषधाने उठवला जाणार आहे, त्याच्या बाबतीत मला यात वादाला जागा दिसत नाही. शिवाय उद्या उपचारादरम्यान यकृताची एन्झाइम्स वाढली तर ती औषधाने वाढली, विषाणूने वाढली की काढ्याने, हे ओळखता येणार नाही आणि कदाचित उपयोगी पडत असलेले औषध थांबवावे लागेल. हाच नियम हळदीच्या कॅप्सूल आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ पावडरींना लागू आहे. भाजी-आमटीतील हळद मात्र खुशाल चालू ठेवावी; ती बंद करून काही मिळत नाही. पथ्याच्या नावाखाली डाळी, अंडी, दूध, मासे तोडण्याची चूकही करू नये, कारण सिरॉसिसमध्ये स्नायू झपाट्याने झिजतात आणि या रुग्णाला प्रथिने जास्तच लागतात.

औषध सुरू झाल्यावर आपल्याला ज्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल ते याच यंत्रणेतून येते. मोकळ्या झालेल्या टी-पेशी कधीकधी निरोगी अवयवांवरही चालून जातात. दिवसातून चार-सहा वेळा पातळ जुलाब, नवा कोरडा खोकला किंवा धाप, अंगभर पुरळ, कमालीचा थकवा आणि रक्तदाब उतरणे, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही दिसले तर गावातील डॉक्टरांकडून जुलाबाची नेहमीची गोळी घेऊन चार दिवस वाट पाहू नये. अशा जुलाबांवर उपाय बहुधा स्टिरॉइडचा असतो आणि तो वेळेवर मिळाल्यास बहुतेक रुग्ण सावरतात. शेवटच्या इंजेक्शनानंतर काही महिन्यांनीही असा त्रास उद्भवू शकतो. म्हणून ‘इम्युनोथेरपी चालू आहे’ अशी चिठ्ठी, औषधांची नावे आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक बाबांच्या खिशात असू द्यावा आणि गावातील डॉक्टरांनाही तो आधीच देऊन ठेवावा. काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट रुग्णालय गाठावे.

एका गोष्टीचा आपल्या पत्रात उल्लेखच नाही, त्यामुळे ती विचारावीशी वाटते : बाबांना विषाणूविरोधी गोळी सुरू झाली आहे का? टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर रोज एक, असे हे साधे औषध आहे. कर्करोगाच्या उपचारात विषाणू उसळी घेऊ शकतो आणि त्यातून यकृत निकामी होऊ शकते. शिवाय जितके यकृत शिल्लक आहे तितक्याच्या बळावर पुढचे सारे उपचार उभे राहणार आहेत. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातील पाणी आणि शुद्धीची अवस्था यांवरून डॉक्टर जी श्रेणी ठरवतात ती बाबांची आज चांगली आहे, आणि वर दिलेले आकडे अशाच रुग्णांचे आहेत. पुढच्या भेटीत पहिला प्रश्न या गोळीचा विचारावा. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात हेपटायटिस बीच्या तपासण्या आणि गोळ्या शासकीय उपचार केंद्रांत मोफत मिळतात.

राहिला घरातल्यांचा प्रश्न. कर्करोग एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. विषाणू मात्र रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने तो जात नाही. दाढीचे ब्लेड आणि टूथब्रश तेवढे वेगळे हवेत. आई, आपण, आपला भाऊ आणि आपली मुले यांची एचबीएसएजी (रक्तात हेपटायटिस बीचा विषाणू आहे का हे दाखवणारी) व त्यासोबतच्या प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी, आणि ज्यांना ना संसर्ग आहे ना संरक्षण, त्यांनी लसीच्या तीन मात्रा पूर्ण कराव्यात. या यादीत काकाही येतात. बाबांना विषाणू आजीकडून आला असेल तर तो त्यांच्या भावंडांतही असू शकतो, आणि त्रास नसणे हा पुरावा नाही हे बाबांच्या चौदा वर्षांनी दाखवलेच आहे. कोणाचा अहवाल पॉझिटिव्ह आला तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पण घरात यकृताचा कर्करोग झालेला असल्यामुळे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी या यकृताच्या कर्करोगात बऱ्याचदा वाढणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी चुकवू नये. लहान असताना सापडलेली गाठ काढून टाकता येते, जाळता येते किंवा यकृत-प्रत्यारोपणाचा विचार करता येतो.

वहिनींची एचबीएसएजी तपासणी गरोदरपणाच्या नोंदणीच्या वेळी झालेली असायला हवी. अहवाल फाइलमध्ये शोधावा, नसेल तर याच आठवड्यात करावी. भावाची तपासणीही आताच व्हावी, आणि त्याला संसर्ग निघाला तर वहिनींची पुन्हा एकदा. वहिनींचा अहवाल निगेटिव्ह असला तरी बाळाला जन्मल्यानंतर २४ तासांच्या आत लसीची पहिली मात्रा मिळालीच पाहिजे. तो पॉझिटिव्ह आला तर रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजून शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर देता येते, आणि बाळाला शक्यतो १२ तासांच्या आत लस व इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे) ही दोन्ही इंजेक्शने देतात. मग संसर्गाची शक्यता फारच थोडी उरते. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या दशकभरात तिथल्या ६ ते १४ वयाच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. प्रसूती सुटीच्या दिवशी किंवा रात्री झाली तर इम्युनोग्लोब्युलिन ऐनवेळी मिळेलच असे नाही, तेव्हा ते लागणार असल्यास प्रसूतिगृहात आठवा महिना लागतानाच मागवून ठेवण्यास सांगावे.